रात्र थोडी, क्रीमं फार

माझा चेहरा पाण्याने भाजला तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की आपलं काहीतरी चुकतंय. उकळतं पाणी नव्हे हो, साधं नळाचं गार पाणी. ओंजळ तोंडावर मारली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना, ओठांच्या कोपऱ्यात, हनुवटीवर असं काही चुरचुरलं की मी "आई गं" करत बाथरूमच्या दाराला टेकले. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "पाल आहे का?"

पाल परवडली असती, पालीला झाडू तरी दाखवता येतो.

झालं असं होतं की महिनाभर मी रोज रात्री सात बाटल्या लावत होते. सात एकदम नाही घेतल्या, एकेक करत जमत गेल्या. एक डागांसाठी, एक रोमछिद्रांसाठी (ती आपल्याला आहेत हे मला चाळिशीपर्यंत माहीतही नव्हतं), एक ग्लोसाठी, एक कशासाठी होती ते अजून कळलेलं नाही पण तिचा ड्रॉपर फार छान होता. माझं गणित सोपं, एकीने थोडा फरक पडतो म्हणजे सातांनी सातपट पडणार. आणि पडला की! आठवडाभरात नाकाशेजारी जुन्या भिंतीसारखे पोपडे धरले, गाल कायम कोणीतरी आत्ताच थोबाडीत मारल्यासारखे लाल, आणि हसलं की ओठांचे कोपरे ओढले जायचे म्हणून मी हसणंच बंद केलं, तर घरातले दोन दिवस "आमचं काही चुकलं का" असा चेहरा करून माझ्याशी इतके नीट वागत होते की काय सांगू. ते दोन दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोला.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सातही बाटल्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या, जणू ओळखपरेड. एकेक लेबल वाचलं. वाचताना त्यांच्या कपाळावर एक आठी पडली नाही, हे मी आधी टिपलं आणि मग ऐकायला लागले.

"यातल्या चार बाटल्या एकच काम करतात."

"कुठलं?"

"सोलायचं."

मग त्यांनी बोटाने दाखवत नेलं. ही ग्लायकोलिक अ‍ॅसिड, ही लॅक्टिक, ही सॅलिसिलिक, आणि या चौथीत परत ग्लायकोलिक, फक्त बाटली गुलाबी. आणि या सगळ्यांवर रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात तो अ जीवनसत्त्वाचा प्रकार. "तुम्ही चेहरा धुताय की फरशी?" असं त्या म्हणाल्या, आणि मला राग आला नाही कारण प्रश्न रास्त होता.

त्यांनी समजावलं ते मला आवडलं म्हणून सांगते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधलं सिमेंट म्हणजे सेरामाइड, फॅटी अ‍ॅसिड आणि कोलेस्ट्रॉल. हे सिमेंट आतलं पाणी आत ठेवतं आणि बाहेरचा उपद्रव बाहेर. मी रोज रात्री अ‍ॅसिड ओतून तेच खरवडत होते, म्हणून साधं पाणीही झोंबत होतं. कोलेस्ट्रॉल ऐकून मी दचकले, कारण रक्तात ते वाढलंय म्हणून दुसरे डॉक्टर मला ओरडतात आणि चेहऱ्यावरून ते उडालंय म्हणून ह्या ओरडत होत्या. म्हणजे माल घरात आहे, नुसता चुकीच्या मजल्यावर पडलाय.

तीन आठवडे काहीही नाही असं फर्मान निघालं. सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, बास. ते तीन आठवडे मी कसे काढले ते विचारू नका, रोज रात्री त्या सात बाटल्या शेल्फावरून माझ्याकडे बघायच्या. पण पाणी झोंबायचं थांबलं, आणि मग डॉक्टरांनी चार रात्रींचं चक्र लिहून दिलं. पहिल्या रात्री एकच अ‍ॅसिड, दुसऱ्या रात्री रेटिनॉल, तिसरी आणि चौथी रात्र आराम, नुसतं मॉइश्चरायझर. पाचव्या रात्री परत पहिली. याला स्किन सायकलिंग म्हणतात, न्यूयॉर्कच्या डॉ. व्हिटनी बोव या त्वचातज्ज्ञ बाईंनी हे नाव दिलं आणि २०२२ मध्ये ते टिकटॉकवरून जगभर पसरलं. मी तेव्हा बहुतेक तिसरी बाटली विकत घेत होते.

"तुम्ही प्रेग्नंट नाही ना? प्लॅनिंग वगैरे? कारण त्यात रेटिनॉल चालत नाही," असंही डॉक्टरांनी विचारलं. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला हा प्रश्न त्यांनी नियम म्हणून विचारला असेल, पण मी घरी येऊन तीन जणांना सांगितलं.

आता चार रात्री लक्षात ठेवायच्या, त्यात काय एवढं? मलाही असंच वाटलं होतं. पण घोडं तिथेच पेंड खातं, आठवड्याला दिवस सात. पहिली रात्र सोमवारी धरली तर पुढची शुक्रवारी, मग मंगळवारी, मग शनिवारी, मग बुधवारी. कुठलीच रात्र कुठल्याच वाराला चिकटून राहत नाही. कचऱ्याची गाडी, पोरीचा क्लास, नवऱ्याची ऑनलाइन मीटिंग, घरातलं सगळं वारावर चालतं आणि माझं तोंड तेवढं वेगळ्या पंचांगावर. दुसऱ्याच आठवड्यात मी ब्रश करता करता "आज काय?" म्हणत उभी.

नवरा उमेदीची बारा वर्षं कारखान्यात शिफ्टमध्ये काम केलेला. त्याने कागद बघितला आणि त्याचा चेहराच उजळला, माझ्याआधी. "अगं हे तर रोस्टर आहे! दोन ड्युट्या, दोन ऑफ." त्याने लगेच मार्कर आणून बाटल्यांच्या झाकणांवर १, २ असे आकडे टाकले, मॉइश्चरायझरवर ३ आणि ४ दोन्ही, आणि आरशाच्या कडेला तक्ता चिकटवला. वर त्यानेच शोधून काढलं की २८ दिवसांनी चक्र बरोबर परत सोमवारी येतं. आणि गंमत म्हणजे त्वचेची नवी पेशी तळातून वर यायलाही तरुणपणी साधारण तेवढेच दिवस लागतात असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, वय वाढलं की जास्त. माझ्या पेशी टप्प्याटप्प्याने, मध्ये बसत बसत वर येत असणार, माझ्यासारख्याच.

पण शिफ्टवाल्या माणसाची भाषा शिफ्टचीच. शिफ्टला तो पाळी म्हणतो. एके रात्री मुलीच्या मैत्रिणी अभ्यासाला आलेल्या, सगळ्या बाहेरच्या खोलीत, आणि हा आतून खणखणीत आवाजात ओरडला, "अगं, आज तुझी कितवी पाळी?" बाहेर एकदम शांतता. मी "दुसरी!" म्हणून उत्तर देऊन बसले आणि मग कळलं की काय बोलले. वर तो म्हणतो, "मग लाव लवकर, वेळ चाललाय." मुलगी आठवडाभर आमच्याशी फक्त मेसेजवर बोलत होती. तेव्हापासून घरात पाळी हा शब्द बंद आहे, "नंबर" म्हणायचं.

आणखी एक वाद अजून सुटलेला नाही. मी पहिल्या रात्री सोफ्यावर तशीच झोपून गेले, तर दुसऱ्या दिवशी कुठली रात्र धरायची? नवऱ्याचं मत, ती रजा लॅप्स, रोस्टर थांबत नाही. मुलीचं मत, कॅरी फॉरवर्ड होते. डॉक्टरांना फोन करून विचारावं असं मला तीनदा वाटलं पण फरशीवालं वाक्य आठवलं.

दुसरी रात्र म्हणजे रेटिनॉलची, आणि तिचा थाट वेगळा. या घराण्याचा इतिहासही मजेदार आहे. याचं थोरलं भावंड ट्रेटिनॉइन, ते अमेरिकेत १९७१ मध्ये मुरुमांसाठी मंजूर झालं, आणि मग जरा वयस्क पेशंट सांगायला लागले की मुरूम जाऊ दे, सुरकुत्या कमी दिसतायत. आल्बर्ट क्लिगमन नावाच्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं आणि १९८६ मध्ये उन्हाने रापलेल्या त्वचेवर त्याचा काय परिणाम होतो ते मांडलं. आपण वापरतो ते रेटिनॉल मात्र थेट काम करत नाही, त्वचेत गेल्यावर आधी त्याचं रेटिनाल होतं, मग त्याचं रेटिनॉइक अ‍ॅसिड, मग काम सुरू. दोन टेबलं फिरून साहेबाच्या सहीला जाणारी फाईल बघा. त्यामुळे सौम्यही पडतं आणि वेळही लावतं, फरक दिसायला तीनेक महिने धरून चाला असं डॉक्टर म्हणाल्या.

तर विधी असा. चेहरा धुवायचा, टिपायचा, आणि पूर्ण कोरडा होऊ द्यायचा कारण ओल्या त्वचेत ते जास्त आत जातं आणि जास्त चावतं. मग नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचा बांध घालायचा, तिथली कातडी सगळ्यात रडकी. मग मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं रेटिनॉल, त्यावर परत मॉइश्चरायझर. याला सँडविच म्हणतात. वाटाण्याएवढं म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला एक वाटाणा बरं का. मी ते बोटावर घेऊन चष्मा लावून बघितलं, खरंच वाटाणा. कपाळावर एक ठिपका, दोन गालांवर दोन, हनुवटीवर एक, आणि पसरायला गेलं तर ते कुठे गेलं ते बोटालाही कळत नाही. पूर्वी मी एवढं नुसतं भुवयांना लावायचे.

त्यात वाळायचं थांबणं हा एक छळच आहे. पंखा फुल्ल करून, केस वर बांधून, हनुवटी पुढे काढून मी पंखा आणि आरसा यांच्यामध्ये उभी असते. त्या वेळात घरातल्या प्रत्येकाला बाथरूम हवं असतं. एकदा वाळेपर्यंत जरा पलंगावर टेकते म्हटलं आणि डोळे उघडले तेव्हा सकाळ, चेहरा कोरडा ठणठणीत.

सकाळी सनस्क्रीन, ते चुकवायचं नाही कारण अ‍ॅसिड लावलेली त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, दोन बोटं भरून लावायचं, विषय संपला.

पण या सगळ्यात सगळ्यात अवघड रात्री कुठल्या विचाराल तर तिसरी आणि चौथी. त्या रात्री काही करायचं नसतं हेच मला जमत नाही. अ‍ॅसिडच्या रात्री जरा चुणचुणतं, म्हणजे काहीतरी चाललंय असं समाधान असतं. रेटिनॉलच्या रात्री तर मी प्रयोगशाळाच. आणि तिसऱ्या रात्री फेसवॉश, मॉइश्चरायझर, दोन मिनिटांत खेळ खल्लास. नवरा म्हणतो, "ऑफ आहे ना, झोप की." याला काय सांगू, ऑफच्या दिवशी हाच माणूस कारखान्यात फोन करून "मशीन बरी आहे ना" विचारायचा.

मी आरशासमोर उभी राहते. गालाला हात लावून बघते. गाल बरा असतो, लाली गेलेली, पोपडे नाहीत, पाणी मारलं तर पाण्यासारखंच लागतं. सगळं ठीक असलेल्या गालाचं करायचं काय, हे मला कोणी शिकवलेलंच नाही. मग हात हळूच गुलाबी बाटलीकडे जातो, झाकणावरचा एक नंबर दिसतो, आणि परत येतो. निदान बहुतेक वेळा येतो.

परवाच्या चौथ्या रात्री एक पार्सल उघडत होते. नवऱ्याने लांबूनच विचारलं, "आता हे काय?" मी म्हटलं, "रिकव्हरी मास्क. ज्या रात्री काही लावायचं नसतं ना, त्या रात्री लावायला." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन मार्कर घेऊन आला, टोपण काढलं, आणि विचारलं, "याच्यावर कितवा नंबर टाकू?"

"थांब रे," मी म्हटलं, "आधी वास तर बघू दे."