भुताची पुस्तकं मुलांना का द्यायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मुलांच्या दुःस्वप्नांवरच्या, भीतीदायक तरीही हसवणाऱ्या चित्रकादंबऱ्यांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की मुलं आधीच घाबरट, त्यात हे विकतचं भूत घरात कशाला? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. चित्रं एकदा डोक्यात बसली की जात नाहीत. आणि भीतीवर विनोद करणं म्हणजे घाबरलेल्या पोराची टर उडवणं. शिवाय असं एक पुस्तक वाचल्यापासून तुमचा सात वर्षांचा नातू रात्री किंचाळतो, हेही लिहिलंत. दोन ओळींत आटोपण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नातवाचं. तुम्ही म्हणता, तो झोपल्यावर तासाभरात ओरडतो, डोळे उघडे असतात पण कुणाला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. वाईट स्वप्नं बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे पडतात आणि त्यांनी जागं झालेलं मूल आपल्याला बिलगून काय दिसलं ते सांगतं. झोपेच्या सुरुवातीलाच, गाढ झोपेतून असं ओरडत उठणं हा वेगळा प्रकार आहे. डॉक्टर त्याला नाइट टेरर म्हणतात. जागरण, ताप, अतिथकवा यांनी तो बळावतो आणि बहुतेक मुलांमध्ये वयाबरोबर थांबतो. अशा वेळी मुलाला गदागदा हलवून उठवायचं नसतं, लागणार-पडणार नाही एवढं पाहायचं. निदान करणारा मी कोण, वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचाराच. पण तोवर पुस्तकाला सुळावर चढवू नका.

तसं चढवण्याची परंपरा जुनी आहे. १९५४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या गॉर्बल्स वस्तीतली शेकडो पोरं, काही तर अगदी चिमुरडी, काठ्या-सुऱ्या घेऊन दफनभूमीत घुसली. का, तर म्हणे सात फूट उंचीच्या, लोखंडी दातांच्या पिशाचानं दोन मुलांना खाल्लं! प्रत्यक्षात एकही मूल बेपत्ता नव्हतं. पण खापर फुटलं अमेरिकन भयकॉमिक्सवर. पुढे अभ्यासकांनी शोधलं तर असलं पिशाच कुठल्या कॉमिकमध्ये सापडेना. लोखंडी दात मात्र बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकातल्या श्वापदाला होते आणि एका जुन्या स्कॉटिश कवितेतल्या म्हातारीलाही. म्हणजे संशयित म्हणून धरायचंच, तर बायबलला आणि कवितेला धरायला हवं होतं. तरीही १९५५ मध्ये ब्रिटनने मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि पाठोपाठ १९५६ मध्ये आपल्याकडेही त्याच धर्तीचा कायदा आला. अमेरिकेत तर प्रकाशकांनी १९५४ मध्येच स्वतःवर अशी आचारसंहिता लादून घेतली, की मासिकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा चालेना. तेव्हाची काही कॉमिक्स खरोखर ओंगळ होती, हे मला मान्य आहे. पण बंदीनंतर मुलांना अंधाराची भीती वाटायची थांबली, असं काही झालं नाही.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे मात्र पटलं नाही. चांदोबातला तो वेताळ आठवतो ना? खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. ते चित्र आपण मिटक्या मारत पाहिलं. आणि घराघरातला बागुलबुवा? भात संपव नाहीतर बुवा येईल, झोप नाहीतर बुवा येईल. त्याला चेहरा नाही, घर नाही, आणि त्याच्या गोष्टीला शेवट तर नाहीच. मोठ्यांच्या सोयीसाठी मुलाच्या डोक्यात सोडून दिलेलं भूत ते. चित्रकादंबरीतल्या राक्षसाला निदान नाक-डोळे असतात, त्याला काहीतरी हवं असतं, आणि पुस्तक संपतं तेव्हा त्याचाही काहीतरी निकाल लागलेला असतो. या दोघांतला एक निवडायचा तर मी दुसरा निवडीन.

आता टर उडवण्याचा मुद्दा. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला. घाबरणाऱ्या मुलालाच हास्यास्पद करणारी पुस्तकं आहेत, आणि ती वाईटच आहेत. चांगल्या पुस्तकात हसू राक्षसावर येतं किंवा प्रसंगावर, मुलाची भीती मात्र खरी धरलेली असते. विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराची ‘लिटल निमो’ ही निमो नावाच्या मुलाच्या स्वप्नांची चित्रकथा १९०५ पासून न्यूयॉर्क हेरल्ड या वर्तमानपत्रात दर रविवारी पानभर रंगीत यायची. १९०८ च्या एका पानात निमोचा पलंग लांबच लांब पाय फुटून शहरातल्या इमारतींवरून चालत सुटतो. बघताना पोटात गोळा येतो आणि हसूही फुटतं. पण शेवटच्या चौकटीत निमो आपल्याच पलंगावर किंवा पलंगाखाली जागा होतो, जवळजवळ दर आठवड्याला. दोन-चार रविवारांत मुलांना ते ठाऊक होतं, आणि मग ती मधल्या चौकटीत वाटेल तेवढं घाबरायला मोकळी.

चित्रं डोक्यात बसतात हे मात्र खरं आहे. ऐकलेली गोष्ट मूल आपल्याला झेपेल तेवढीच रंगवतं, चित्रात ती सूट नाही. पण सिनेमा पुढे पळतो तसं पुस्तक पळत नाही. अंगठ्यानं भुताचं तोंड झाकून बाकीचं पान वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. पान उलटायचं, मिटायचं की पुन्हा मागं जायचं, हे मूलच ठरवतं. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर मोठ्यांसाठी एक उपचार वापरतात: दिवसाउजेडी ते स्वप्न हवं तसं बदलायचं आणि बदललेलं रोज मनात घोळवायचं. बॅरी क्रॅको या डॉक्टरांनी त्यावर २००१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. कॉमिक म्हणजे औषध, असा दावा मी करत नाही. पण ‘हे स्वप्न बदलता येतं’ ही कल्पना मुलाला पहिल्यांदा भेटते ती बहुधा अशाच पुस्तकात. फ्रान्समध्ये २०१७ पासून येणारी ‘ला ब्रिगाद दे कोशमार’ (दुःस्वप्नांचं पथक) ही चित्रकादंबऱ्यांची मालिका त्यावरच उभी आहे. दोन मुलगे रुग्णांच्या दुःस्वप्नात शिरून त्यामागचं कारण शोधतात. लेखक फ्रांक तिलिए मोठ्यांच्या थरारकथांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे काही पानं चांगलीच अंगावर येतात. दहाच्या आतल्या मुलाला मी ती देणार नाही, सात वर्षांच्याला तर नाहीच.

नातवाचं ते पुस्तक काढून घेऊ नका, फक्त झोपायच्या वेळी नको, दुपारी वाचू द्या. शेजारी बसा, पण पान त्यालाच उलटू द्या. नको म्हणाला तर लगेच मिटा, ‘एवढ्याला काय घाबरतोस’ म्हणू नका. आणि कुठल्या पानावर तो थांबतो, तिथलं नेमकं काय त्याला नको वाटतं, ते विचारून इथेच लिहा. त्यावरून पुढचं पुस्तक सुचवता येईल.