फेटा आपला, पेपर त्यांचा

तुमच्या कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी करार होतोय असं कानावर आलं. अभिनंदन! गेल्या आठवड्यात आमचा असाच एक पेपर, म्हणजे परदेशी विद्यापीठाबरोबर कोल्हापूरच्या पुरावर केलेला शोधनिबंध, छापून आला आणि तेव्हापासून मी या विषयातला जाणकार झालोय. म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगतो.

सुरुवात फेट्यापासून. फेटे बांधणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. करारात काय लिहिलंय ते वाचत बसू नका, बॅनरवर पाहुण्यांच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघा. (त्यांनी तुमच्या नावाचं बघायचं नसतं.) सही करताना सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघावं, कागदाकडे नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला असं सहकार्य दाखवावं लागतं. फाइलला फोटो लागला की निम्मं संशोधन झालं.

दुपारी तांबडा-पांढरा. तेवढं मात्र आधी विचारून घ्या. आमचे पाहुणे ऐनवेळी शुद्ध शाकाहारी निघाले, तर प्राचार्य म्हणाले, 'मग पांढरा तरी घ्या.'

भेट म्हणून चप्पल द्या. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे तिचं नाव कुणी परस्पर वापरलं तर दाद मागता येते. प्राध्यापकाला ती सोय नाही.

मीटिंगची वेळ विचारू नका, कळवली जाईल. तिकडची घड्याळं मार्चअखेर तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरअखेर मागे येतात. तुम्ही साडेसातला लिंक उघडून साडेआठपर्यंत स्वतःचाच चेहरा बघत बसलात, तर चूक तुमची.

पैशांचा विषय काढणं असभ्यपणाचं. परदेशी पैसा घ्यायचा तर आमच्यासारख्या संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीपासून तो आधी दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत यावा लागतो, आणि एका संस्थेनं घेऊन दुसरीला द्यायचा म्हटलं तर तेही बंद. त्यामुळे गावोगाव प्रश्न विचारत फिरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या गाडीतलं पेट्रोल मी भरलं. विषय संपला.

आता प्रश्नावली. ती तिकडून तयार होऊन येते, आपण 'फक्त भाषांतर' करायचं. आमच्या प्रश्नावलीत पानापानावर रेझिलियन्स होता, म्हणजे संकटातून सावरायची ताकद. पण शब्दकोशात बघितलं, लवचीकता असं निघालं. प्रयाग चिखलीतल्या एका आजींना आमच्या विद्यार्थिनीनं विचारलं, 'पुरानंतर तुमची लवचीकता वाढली का?' आजी म्हणाल्या, 'कंबर तर धरलीया, बाई.' संमतीपत्र चार पानी. पूर आलेल्या गावात कागदावर सही म्हटल्यावर माणसांना पंचनामाच वाटणार. 'पैसं कवा जमा हुणार?' आम्ही सरकारचे नाही, हे पटवण्यात दर घरामागं अर्धा तास जायचा. पटल्यावरही चहा मिळायचा, हे या गावांचं मोठेपण.

आणि मग तो प्रश्न. पुराची भीती किती वाटते, एक ते पाच यांपैकी आकडा सांगा. आंबेवाडीतल्या एकानं उलट विचारलं, 'कितव्या फुटाला?'

बरोबरच आहे की त्याचं! पावसाळ्यात इथलं शेंबडं पोरही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टात पाणी 55 च्या वर गेलेलं. कितव्या फुटाला कुठला रस्ता बंद होतो, कुणाच्या गोठ्यात पाणी शिरतं, सगळं पाठ. अशा माणसाला एक ते पाच विचारून काय कळणार, कपाळ? आमच्या एमएच्या दोन मुलींनी त्याच रात्री बसून प्रश्नच बदलला. कितव्या फुटाला झोप उडते? कितव्या फुटाला जनावरं हलवता? कितव्या फुटाला घर सोडता? तीनच प्रश्न. पण माणसं सुटल्यासारखी बोलायला लागली, मुलींच्या वह्या भरल्या. तिकडून तीन आठवडे ईमेल येत राहिले की हे प्रमाणित नाही, इतर देशांशी तुलना करता येणार नाही, मूळ प्रश्न ठेवा. शेवटी आम्ही दोन्ही ठेवले.

गेल्या आठवड्यात पेपर आला. सगळा डोलारा त्या फुटांवर. पाण्याच्या पातळीवरून भीती मोजायची ही अभिनव पद्धत म्हणे लेखकांनी विकसित केली. विकसित केली! लेखक सात. सातही तिकडचे. सर्वांत शेवटी आभारात 'स्थानिक साहाय्य' म्हणून मी, आडनावाचं स्पेलिंग चुकवून. मुलींची नावं कुठंच नाहीत. आजींचं नाव नाही ते ठीक, ते गुप्त ठेवायचा शब्द आम्हीच दिला होता. पण मुलींनी असा शब्द कुणाकडून घेतला नव्हता. आणि तो पेपर वाचायचा तर डॉलरमध्ये पैसे भरा.

1902 साली याच गावाच्या राजानं मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या कोल्हापुरात बसून आम्हाला सातांत एक जागा मागता आली नाही.

परदेशी माणूस म्हणजे लुटारूच, असं मी म्हणत नाही. गेल ऑम्वेट अमेरिकेतून इथल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, मराठी शिकल्या आणि शेवटपर्यंत कासेगावात राहिल्या. त्यांना माणसांशी बोलायला 'स्थानिक साहाय्य' लागलं नाही.

पण त्या सातांना तरी किती बोल लावू? नावं कशी ठरणार याची एक ओळ करारात टाकू या, असं मी म्हणालो होतो. एकदाच, तेही हळू आवाजात. 'आत्ता कशाला, पाहुणे खाली आलेत,' असं उत्तर आलं. मी फेटा सारखा केला आणि खाली गेलो.

तुम्ही तसं करू नका. सही झाली नसेल तर फोटोग्राफरला थांबवा आणि तो कागद आधी वाचा. डेटा कुणाकडे राहणार, लेखक कोण, ज्यांच्या दारात जाणार त्यांना मराठीत काय मिळणार, हे लिहून घ्या. उन्हातान्हात फिरणाऱ्या पोरांची नावं पहिल्या दिवशीच कागदावर आणा. द्यायचं नसेल तर पाहुण्यांना अंबाबाईचं दर्शन घडवा, रंकाळा दाखवा आणि परत पाठवा.

आमच्या त्या दोन मुलींतल्या एकीनं आजींना सांगून ठेवलंय, 'छापून आलं की वाचून दाखवीन.' काल तिचा मेसेज आला, 'सर, पीडीएफ आहे का?'