कपाटातलं कुटार

माझी नोकरी गेली, ही बातमी मला चक्कीवर कळली. चक्कीवाल्यानं दळणाचे पैसेच घेतले नाहीत. "राहू द्या जी, पुढं पाहू." मी वरोऱ्याकडच्या या गावात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो आणि पगार एक तारखेला जमा होतो. पण रविवारी ऑफिसची खोली आवरायला घेतली, आजोबांचं सागवानी कपाट अंगणात काढलं, अन् तेवढं पुरलं. सामान बाहेर निघालं म्हणजे माणूस बुडाला.

खोलीत माझा पसारा म्हणजे लॅपटॉप अन् इन्व्हर्टर. बाकी सगळं गावाचं. सातबाऱ्याच्या झेरॉक्स, २०२३ मध्ये एका रुपयात पीक विमा निघायला लागला तेव्हापासूनच्या पावत्या, कुणाचं तरी पासबुक, एका वारलेल्या माणसाचं रेशनकार्ड. २०२१ ला ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायची ठरलं. स्वतःच्या म्हणजे माझ्या, हे सरकारनं मला कळवलं नव्हतं. लोकेशन जुळावं म्हणून भर दुपारी लोकांच्या धुऱ्यावर मी उभा. का, तर "तू तं घरीच असतेस."

तर, त्या कपाटात मला धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावायची होती. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळलं की पिशवीत थराथरानं बियाणं पेरायचं. दारं काढून मी ओलं गोणपाट लावलं, चूल पेटवली, आणि शेजारचे आबाजी आले. माझीच खुर्ची ओढून बसले.

"काय करून राह्यला बापू?"

"अळिंबी लावतो, आबाजी. आपल्या सात्यासारखी."

"सात्या वारुळावर निंघते. तुह्या कपाटात वारूळ हाय का?"

नाही म्हटलं. तरी त्यांनी आत डोकं घालून पाहिलं, खालचा कप्पा काठीनं ठोकला.

"अन् हे कुटार?"

"त्याच्यावरच उगवते ते."

"कुटार तं ढोरं खाते."

"हो."

"मंग तुह्याकडं ढोर कुठी हाय?"

मी चुलीवरच्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, कुटार ढवळत होतो. वाफ निघत होती. आबाजी उठले, वाकून गंजात पाहिलं, वास घेतला.

"शिजवून राह्यला?"

"जंतू मारतो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "घरात दाणा नाही का, बापू?"

मी मोबाइलवर पगाराचा मेसेज दाखवला. म्हणाले, चष्मा नाही आणला. संध्याकाळी त्यांचा नातू पायलीभर ज्वारी ठेवून गेला.

ज्वारी चांगली आहे, तो प्रश्न नाही. पण पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार तीन हप्त्यांत येतात आणि दर हप्त्याच्या आधी हेच आबाजी माझ्या मीटिंगच्या मधोमध अंगठ्याला शाई लावल्यासारखा हात पुढं करून उभे असतात. तेव्हा मी साहेब. त्यांचा ओटीपी येईस्तोवर पुण्याचे लोक स्क्रीनवर ताटकळतात. ते काम, अन् माझं मात्र बसणं! तालुक्याला जाऊन हेच काम करून घ्यायला पैसे मोजतात लोक. मला मोजायची वेळ आली की सगळे नातेवाईक निघतात.

म्हणून दवंडीसारखा निरोप फिरवला, आपापले कागद घेऊन जा. लोक आले. कागद चाळले, एकमेकांचे फोटो पाहून हसले, चहा पिऊन सगळं होतं तिथंच ठेवून गेले. "तुह्याकडं नीट राह्यते." खोलीत जागा उरली नाही, मग कपाटाचा वरचा कप्पा सातबाऱ्याला द्यावा लागला. धिंगरीला ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. सातबाऱ्याला लागत नाही.

काल आबाजी पुन्हा आले. "कागद ओले होऊन राह्यले नं बे," म्हणत माझ्या ढिगातली एक रिकामी पिशवी उचलली, त्यात आपली फाइल घातली, गाठ मारली आणि धिंगरीच्या रांगेत टांगून दिली. त्या पिशव्यांना मी आधीच भोकं पाडून ठेवली आहेत. सांगितलं नाही.