चौथ्या वेळी आम्ही पैसे दिले नाहीत

आयपीएल सुरू झाल्यापासून आमच्या पतसंस्थेच्या सोनेतारण काउंटरवर तीन तरुण पोरं येऊन गेली. तिघांच्याही हातात रुमालात बांधलेला, आईचा नाहीतर बायकोचा दागिना. सोळा वर्षं मी त्या काउंटरवर बसते. दवाखान्यासाठी, बियाणं-खतासाठी, पोरीच्या लग्नासाठी सोनं ठेवायला आलेला माणूस कसा बोलतो ते मला माहीत आहे. तो व्याज विचारतो, हप्त्याने फेडलं तर चालेल का विचारतो, सुगी झाली की सोडवतो म्हणतो. ही पोरं व्याजाचं नावच काढत नाहीत. "मॅडम, पैसे किती वाजता जमा होतील?" एवढा एकच प्रश्न. आणि नजर सारखी फोनवर.

ही नजर मी माझ्या घरातही पाहिली होती. चार वर्षं पाहिली आणि मला ती कळली नाही. म्हणून फोनवरच्या जुगाराबद्दलची ही पोस्ट. भावाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही ताई. नाव तेवढं घालू नकोस."

आमचं घर माळकरी. घरात दारूचा थेंब नाही, अंडंही शिजत नाही. भाऊ उशिरा यायला लागला, चिडचिड करायला लागला, तेव्हा आई हळूच त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा नाही, आणि ती निर्धास्त व्हायची. आम्ही सगळेच निर्धास्त झालो. हातात फोन घेऊन गप्प पडून राहणारा पोरगा बिघडला आहे असं कोणाला वाटणार? लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद होती, सगळेच फोनमध्ये डोकं घालून बसले होते. त्याने तेव्हा पन्नास रुपयांची रमी लावली आणि पहिल्याच आठवड्यात अडीच हजार जिंकला. भाचीला सायकल आणली. आम्ही कौतुक केलं. ते कौतुक आठवलं की आजही मला झोप येत नाही.

2021 मध्ये पहिल्यांदा उघडं पडलं. 1,80,000 रुपये. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठेव मोडली, त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली आणि विषय संपवला. 2023 मध्ये 4,35,000. या वेळी आईच्या पाटल्या आणि गंठण गेलं, ते माझ्याच काउंटरवरून. सराफांनी तराजूवर ठेवलेला आईचा दागिना मी स्वतः नोंदवला. जून 2024 मध्ये 6,50,000. अण्णांनी एसटीत आयुष्य काढून जमवलेला फंड संपला. बेरीज 12,65,000 होते. प्रत्येक वेळी भाऊ रडला, पाया पडला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला की पुन्हा नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत होतं, हे आता मला पटलं आहे. पण सगळं कर्ज फिटलं, फोनवरचे तगादे थांबले, डोकं शांत झालं, की दोन-तीन महिन्यांत त्याच्या मनात यायचं: घरच्यांचे एवढे पैसे माझ्यामुळे गेले, ते मीच परत मिळवून दिले पाहिजेत. आणि एवढे पैसे मिळवायचा एकच रस्ता त्याला माहीत होता.

'कव्हर करायचंय.' हा शब्द ज्यांच्या घरात ऐकू येत असेल त्यांनी कान टवकारावेत. गेलेले पैसे खेळूनच परत आणायची ही ओढ आजाराचा गाभा आहे, असं आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. हरलेला माणूस थांबेल असं बाहेरच्याला वाटतं. या आजारात हरणंच पुढच्या डावाचं कारण होतं.

जुगार आमच्या घराण्याला नवा नव्हता. अण्णांचे थोरले भाऊ, आमचे आप्पा, मटका खेळायचे. मुंबईत साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने यायचे, त्या उघडत्या आणि बंद भावांवर लोक पैसे लावायचे. ते भाव यायचे बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी चिठ्ठ्या नि पत्ते काढून आकडे जाहीर करायला सुरुवात केली, आणि मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. तीन आकडे निघणार, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. 3, 4 आणि 8 आले तर बेरीज 15, म्हणजे पंजा. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द आम्ही पोरं शाळेत जायच्या आधी शिकलो. आप्पांची एक वही होती. वर्षावर्षांचे आकडे तिच्यात मांडलेले. "सत्ता लई दिवस आला नाही, आता येणारच," म्हणायचे. मडक्याला कालचा आकडा आठवत नसतो, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. आमच्या गावात एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळायचे. अंक दहा आणि मिळणार नऊ. रोज खेळणाऱ्याचं दिवाळं त्या एका रुपयातच ठरलेलं असतं.

पण आप्पांना आकडा लावायला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं. खिशातली रोकड संपली की खेळ संपायचा. क्लोज, म्हणजे दिवसाचा शेवटचा आकडा, लागला की रात्र मोकळी. गावात चार माणसं बघायची, काकू दारात उभी राहायची. माझ्या भावाच्या खेळाला यातला एकही अडसर नव्हता. पहाटे तीन वाजता संडासात बसून तो खेळला आहे. खात्यातले पैसे संपले तर त्याच फोनवर पाच मिनिटांत कर्ज मिळायचं.

तीच वही, तेच 'आता येणारच', फक्त पिढी बदलली. म्हणून मला 'हाव सुटली होती' हे म्हणणं फार लागतं. हावरट माणूस जिंकल्यावर पैसे घेऊन उठतो. माझा भाऊ एका रात्री 92,000 रुपये जिंकला होता आणि उजाडेपर्यंत सगळे घालवून वर आठ हजारांचं कर्ज करून बसला होता.

डिसेंबर 2024 मध्ये चौथ्यांदा तेच झालं. 5,20,000 रुपये, अकरा ठिकाणचे. चार कर्जाची अॅप, दोन क्रेडिट कार्डं, कंपनीतले मित्र, एक सावकार, बायकोच्या माहेरचे. या वेळी तो दोन दिवस घरी आलाच नाही. फोन बंद. सापडला तेव्हा मी त्याला तालमीतल्या मित्राच्या खोलीवरून थेट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. खरं सांगते, शहाणपणाने नाही, घाबरून नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न सरळ विचारला, "जीव द्यावासा वाटतो का?" माझ्या पोटात गोळा आला. असं कुणी तोंडावर विचारतं का? भाऊ म्हणाला, "हो. दोन महिने रोज." तीच गोष्ट आम्ही घरातली सहा माणसं विचारायला घाबरत होतो. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन समजावलं. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारायचा. पैसे किती गेले हा नंतर.

मग त्यांनी एक-एक लक्षण वाचायला घेतलं आणि भावाला बोटं मोजायला सांगितली. तेवढीच मजा यायला आधीपेक्षा मोठी रक्कम लागते का? कमी करायचं ठरवलं की बेचैनी, चिडचिड होते का? किती वेळा सोडून बघितलं? डोक्यात सतत तेच असतं का? मन उदास झालं की खेळावंसं वाटतं का? गेलेले वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत बसतोस का? लपवतोस का? त्यापायी नोकरी किंवा संसार धोक्यात आला का? दुसऱ्यांनी पैसे देऊन सोडवावं लागलं का? नऊ प्रश्न. वर्षभरात चार जरी लागू पडले तरी आजार धरायचा. भावाने सात बोटं मोजली आणि मग त्याने हात मांडीखाली घातला.

2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या शेजारी, व्यसनांच्या यादीत बसवलं. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतही तो व्यसनाधीन वर्तनाचा आजार म्हणूनच आहे. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, काही औषधांनी, जी मेंदूत डोपामिन या रसायनासारखं काम करतात, आयुष्यात कधी पत्ता न धरलेली काही माणसं जुगार खेळायला लागतात, आणि गोळी बदलली की बहुतेकांची ती ओढ ओसरते. हे ऐकून अण्णा, जे तोवर भावाशी एक शब्द बोलले नव्हते, म्हणाले, "म्हणजे ह्याच्या डोक्यात काहीतरी खरंच फिरलंय."

थोडक्यात हुकणं हेदेखील मेंदूला जवळजवळ जिंकण्यासारखीच झिंग देतं. एका पत्त्यासाठी रमी राहिली, एका धावेने सेशन (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरची पैज) गेलं, की तो हात परत खेळण्याकडेच जातो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय सगळ्यात घट्ट बसते. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे कबुतरांना दाणे टाकून दाखवलं, त्याला कित्येक दशकं झाली. या खेळांची रचना याच ओढीवर उभी आहे.

आता मूळ मुद्दा, ज्यावर नातेवाइकांशी माझी अजूनही भांडणं होतात. चौथ्या वेळी आम्ही पैसे दिले नाहीत.

आई म्हणाली, "पोटचा पोर आहे, शेताचा तुकडा विकू." मामा म्हणाले, "शेवटचं एकदा फेडू आणि मोकळं करू." मी आणि भावजय आडव्या पडलो. आम्ही तीनदा कर्ज फेडलं होतं, आणि तीनही वेळा त्याला पुन्हा खेळण्यासाठी मोकळं केलं होतं. घर त्याच्या पाठीशी आहे याचा अर्थ त्याच्या आजाराने असा लावला होता की हरण्याला तळच नाही. 1957 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या गॅम्बलर्स अॅनॉनिमसमध्ये स्वतः जुगार सोडलेली माणसंच एकमेकांना आधार देतात, आणि त्यांचाही अनुभव हाच आहे: घरच्यांनी कर्ज फेडून सुटका करू नये. सगळ्या देण्यांची यादी करावी, एकही न लपवता, आणि ज्याचं त्याने हळूहळू फेडावं, मग कितीही वर्षं लागोत.

पण पैसे द्यायचे नाहीत म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही. माझ्या ओळखीत एका घराने 'आता तू आमचा नाहीस' म्हणून पोराला बाहेर काढलं आणि त्यालाच कडकपणा समजले. आम्ही रोख रक्कम सोडून बाकी सगळं दिलं. डॉक्टरांकडे प्रत्येक वेळी कोणीतरी सोबत गेलं. पगाराचं खातं भावजयीच्या देखरेखीखाली आलं. साधा बटनांचा फोन आला. मी आणि तो अकराही ठिकाणी गेलो, समोर बसलो, महिन्याला किती जमेल ते सांगितलं. सावकार सोडता कोणी अपमान केला नाही. मित्रांपैकी एकाने व्याजच सोडलं. उदासी आणि झोपेसाठी गोळ्या सुरू झाल्या, आणि दर आठवड्याला समुपदेशन. तिथे त्याला ओढ नेमकी कधी उठते ते ओळखायला शिकवलं. त्याची उठते पगाराच्या दिवशी, भांडणानंतर आणि रात्री साडेसातच्या सुमारास, मॅच सुरू होताना. ओढ उठली की वीस मिनिटं काढायची. लाटेसारखी असते, चढते तशी उतरते.

22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मोठमोठ्या अॅपनी पैशांचे डाव थांबवले. आई पेढे वाटायला निघाली होती. मी कायद्याच्या बाजूने आहे, ठामपणे. ज्या जाहिरातींत क्रिकेटपटू आणि नट पोरांना खेळायला बोलवायचे त्या बंद झाल्या, हे फार मोठं काम झालं. आणि या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, हेही योग्यच. तरी सप्टेंबरमध्ये माझा भाऊ घसरला. कंपनीतल्या कोणीतरी त्याला परदेशी साइटचा 'आयडी', म्हणजे खेळायचं खातं, दिला, दुसऱ्याच्या फोनवर. चार दिवसांत 38,000 गेले.

पण या वेळी तो पाचव्या दिवशी स्वतःहून माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. बाकीची माणसं होती, मी पावती लिहीत होते. "ताई, परत झालं," एवढंच म्हणाला. याआधी प्रत्येक वेळी आम्हाला वसुलीवाल्यांच्या फोनवरून कळलं होतं. त्या दिवशी मी कॅश बंद केली आणि मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. ते 38,000 यादीच्या तळाशी लिहिले आणि पुढे चाललो.

कोणाच्या घरी हे चालू असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर 14416. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता भावजयीने एकदा लावला होता, तेव्हा पलीकडच्या बाईंनी चाळीस मिनिटं तिचं ऐकून घेतलं. खेळणाऱ्यानेच फोन केला पाहिजे असं नाही, घरातल्यांनीही करावा. आणि काउंटरवर येणाऱ्या त्या पोरांना मी आता पैसे किती वाजता जमा होतील ते सांगते, आणि मग विचारते, "घरी माहीत आहे का रे?" तिघांपैकी एक जण रुमाल परत बांधून निघून गेला. दोघांनी सह्या केल्या.

परवा कराडात मॅचच्या वेळी सगळ्या हॉटेलांत टीव्ही लागले होते. सव्वासातला भावाचा फोन आला, "ताई, चालायला येतेस?" आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा-कोयनेच्या काठाने दोन फेऱ्या मारल्या. तो भाचीच्या शाळेबद्दल बोलत होता. मध्येच गप्प झाला, घड्याळ बघितलं, आणि म्हणाला, "अजून एक फेरी मारू." मारली. यादीत अजून 3,64,000 बाकी आहेत. पुढचा हप्ता 5 तारखेला.