रुई उपटली

सकाळी खिडकीतून पाहिलं तर कंपाउंडच्या भिंतीलगतची रुई जागेवर नाही. तीन वर्षांचं झाड. कुणी लावलं नव्हतं. कुठून तरी म्हातारी उडत आली आणि रुजली. तिला कधी तांब्याभर पाणी घातल्याचंही आठवत नाही.

सोसायटीचा नियम म्हणे. 'आवारात फक्त मंजूर शोभेची झाडे ठेवावीत, बाकी तण समजून काढले जाईल.' मंजूर कोणी केली? कमिटीतल्या पाच जणांनी, ज्यांना तुळस आणि सब्जा शेजारी ठेवले तर ओळखता येणार नाहीत! त्याच बोर्डावर, त्याच नोटिशीखाली दुसरी नोटीस: 'पाणी एकच तास येईल, जपून वापरा.' आणि मागे भर बारा वाजता लॉनवर फवारे चालू. बरंच पाणी मातीत मुरायच्या आधी हवेत जातं. बरं, त्या लॉनवर पाऊल टाकायची सोय नाही, 'गवतावर चालू नये' अशी तिसरी पाटी आहेच.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने 2021 साली नेमक्या अशा गवताविरुद्ध कायदा केला. लास वेगासच्या परिसरात ऑफिसांपुढचं, रस्त्याच्या दुभाजकांवरचं, सोसायट्यांच्या सामायिक जागेतलं, नुसतं बघायला ठेवलेलं गवत 2026 संपल्यावर कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पोसायचं नाही. तिथल्या पाणी खात्याच्या हिशोबाने एक चौरस फूट गवत काढलं की वर्षाला सुमारे 208 लिटर पाणी वाचतं. एक चौरस फूट! आमचं लॉन किती मोठं आहे ते मोजायला मी आज जाणार नाही, डोकं आधीच फिरलंय.

त्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या सहा अळ्या होत्या. काळ्या, पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. खालच्या मजल्यावरची चिमुरडी रोज शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवता आधी त्या मोजायची. अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक गळून जाऊ देते आणि मग खायला बसते, हे तिने मला दाखवलं. मी इतकी वर्षं झाडं बघतोय, मला माहीत नव्हतं. तुमच्या मंजूर क्रोटनवर ही अळी उपाशी मरेल, तिला रुईच्या कुळातलीच पानं लागतात.

हो, रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट त्रास होतो. मान्य. मग पाटी लावा ना! पाट्यांची तुम्हाला हौस आहेच.

आणि 'मग उद्या सगळं आवार रान होईल' हे मला ऐकवू नका. फ्लोरिडात 2009 पासून कायदाच आहे की कमी पाण्यात वाढणारी, तिथल्या हवामानाला साजेशी बाग कुणी लावली तर घरमालकांच्या संघटनेला ती अडवता येत नाही. तिथे काही जंगल माजलं नाही. आपल्याकडे उलट. पाणी ओतणारा सभ्य, न ओतणाऱ्याला नोटीस.

तावातावाने खाली गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तर माळीमामा कचऱ्याच्या ढिगाशी उकिडवे बसून उपटलेल्या फांद्यांवरून एकेक अळी उचलून खोक्यात ठेवत होते. "मला काढायला सांगितलं साहेब, पण हे जीव दिसले." काय बोलणार त्यांना? मीही बसलो शेजारी. पाच सापडल्या. सहावी नाही.

खोकं आता माझ्या गॅलरीत आहे. चिमुरडी दोनदा येऊन मोजून गेली. सहावीचं विचारलं तेव्हा मी 'कोष करायला गेली असेल' म्हणालो, तिला काही ते पटलेलं दिसलं नाही. मामांच्या मते मूळ खोल होतं, सगळं निघालेलं नाही, फुटेल परत. पण खोक्यातली पानं उद्या दुपारपर्यंत संपतील. जवळपास कुणाच्या आवारात अजून न उपटलेली रुई असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. रोज पाच-सहा पानं पुरतील, मी येऊन घेऊन जाईन.