शेव्हरमध्ये ‘कुठलाही सेल बसतो’? बसेल, पण चालायचा नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शेव्हर किंवा ट्रिमरची बॅटरी गेली म्हणून मशीन टाकू नका. आधी सेल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. नाहीच जमलं तर त्याच मापाचा कुठलाही सेल बसवा. लिथियमचा असेल तर ताकद दुप्पट. एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचा आकडा) जितके जास्त तितकं चांगलं. दोन सेल असतील तर बाद झालेला तेवढाच बदला.

मशीन टाकू नका, हे अगदी बरोबर. मोटर आणि पाती धड असताना निव्वळ सेलपायी शेव्हर भंगारात घालणं म्हणजे पैशाचा चुराडा. पण मेसेजमधलं पुढचं काहीच धड नाही.

फ्रीजरचं एका दमात उरकू. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे भरलेला सेल हळू उतरतो, एवढंच. बाद झालेला सेल त्यानं परत उभा राहत नाही. बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं ते वेगळंच.

‘त्याच मापाचा कुठलाही’ हा खरा घातक भाग. जुन्या शेव्हरमध्ये बहुधा निकेल-कॅडमियमचे, नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे सेल असतात. दोन्ही 1.2 व्होल्टचे. 14500 नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल: 14 मिलिमीटर जाड, 50 लांब. खाचेत चपखल बसतो, म्हणून माणूस फसतो. पण तो 3.7 व्होल्टचा. असे दोन घातले की 2.4 व्होल्टवर चालणाऱ्या मोटरला 7.4 मिळतात. चार दिवस मशीन सुसाट पळतं, पातं गालाला चटके देतं, मग मोटर जळते.

चार्जिंगचं त्याहून वाईट. निकेलच्या मशीनमधलं चार्जिंग बहुतेकदा अगदी साधं असतं, बारीक करंट सोडत राहायचं. थोडं जास्तीचं झालं तर निकेलचा सेल गरम होऊन सोसतो. लिथियमचं चार्जिंग 4.2 व्होल्टला थांबावंच लागतं, आणि ते थांबवणारं सर्किट या मशीनमध्ये नसतं. मग एकतर सेल भरतच नाही, नाहीतर हद्द ओलांडून फुगतो, पेटूही शकतो. रात्री चार्जिंगला लावून सगळं घर झोपतं, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नाही. मुळात लिथियमचं मशीन असेल तर त्यात निकेलही घालायचा नाही. आणि साधा पेन्सिल सेल तर चार्जिंगसाठी नसतोच. चार्ज करायला गेलात तर गळतो. सेलच्या अंगावर प्रकार छापलेला असतो. तो वाचून मगच दुकानात जा.

एमएएच म्हणजे टाकी केवढी. प्रकार तोच असेल तर 600 च्या जागी 2000 चा चालतो, पण भरायला वेळ त्याच प्रमाणात जास्त. ठरावीक तासांनी चार्जिंग आपोआप बंद करणाऱ्या मशीनमध्ये तो अर्धवटच भरणार. पेन्सिल मापाच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलची मजल साधारण 2500-2700 पर्यंत. 5000 छापलेला दिसला की समजायचं, दुकानदार नाही तर छापणारा तरी थापाड्या आहे.

एकच सेल बदलायचा सल्ला निव्वळ चिक्कूपणाचा. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून करंट ढकलत राहतो, जुना उलटा चार्ज होऊन गळतो. मशीन उघडल्यावर पत्र्याच्या पट्टीवर पांढरट-हिरवी पूड दिसते ना, ती अशाच गळतीची. व्हिनेगरच्या बोळ्यानं निघते. पट्टीच कुरतडली असेल तर ती बदलायची.

सेल आणताना दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी जोडलेले मागा, म्हणजे डाग (सोल्डर) त्या पट्टीवर मारता येतो. ‘द्या इकडं, सेललाच डाग मारून देतो’ म्हणणारा भेटला तर नको म्हणा. त्या उष्णतेनं आतलं सील जातं. जुने काढण्याआधी प्लस-मायनसचा मोबाईलवर फोटो घ्या. झाकण बंद करताना कडेचं रबर खाचेत नीट बसलंय का बघा, नाहीतर नळाखाली धुताना पाणी थेट सेलवर.

निघालेले सेल परसातल्या बंबात किंवा उकिरड्यावर नकोत. कॅडमियम विषारी आहे, आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.