आधी भाच्याला हिरो करा

सिनेमा दिग्दर्शित करायचं मनात आलंय ना? मग आधी एका गाण्याचा व्हिडिओ करा. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर सिनेमा शिकवणाऱ्या एफटीआयआयच्या नादाला लागू नका. १९६० पासून ती संस्था पोरांना जगभरचा सिनेमा दाखवते, त्यामुळे पोरं विचार करायला लागतात. विचार करणाऱ्याला गाणं कोण देणार?

आधी निर्माता गाठा. गाण्याचा निर्माता सहसा प्लॉटिंगच्या धंद्यात असतो, गीतकारही तोच असतो आणि त्याला एक भाचा असतो. भाचा म्हणजे तुमचा हिरो. त्याला अभिनय येतो का, असलं अभद्र विचारू नका. गॉगल कुठला घालणार तेवढं विचारा. बजेटचाही विषय काढू नका. ‘तुम्ही करा हो बिनधास्त, पुढचा पिक्चर तुमच्याबरोबरच आहे’, हेच बजेट.

लोकेशन वाई. मेणवलीचा घाट नाना फडणवीसांनी बांधला तेव्हा ड्रोन नव्हते, तरी वरून तो इतका देखणा दिसतो की नानांचं खरोखरच कौतुक वाटतं. दुसरं युनिट आधीच येऊन बसलेलं नसेल तर सूर्य वर यायच्या आत नारळ फोडून घ्या.

आता मुख्य विद्या. स्लो मोशन. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर चालणार आणि कॅमेरा ५० वर फिरवायचा, म्हणजे सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं, नाहीतर ओठ जुळत नाहीत. हे वाजवणाऱ्या पोराला ‘नागरा’ म्हणतात. नागरा हे खरं तर एका स्विस टेपरेकॉर्डरचं नाव. यंत्र कधीच गेलं, लॅपटॉप आला, आरोळी मात्र तीच राहिली. मी असिस्टंट होतो तेव्हा अशाच एका विरहगीताला घाटावर उभा होतो. ‘नागरा!’ अशी हाक गेली आणि स्पीकरमधून, उंदीर भजनाला बसावेत तसा आवाज सुरू झाला. भाचा ओठ हलवत धावतोय, ‘सखे’पर्यंत पोचतोय तोवर कडवं संपतंय. धुणं पिळणाऱ्या बाया हातातला पिळा तसाच धरून बघत राहिल्या. एक आजी शेवटी म्हणाली, ‘अरे, पोराला दम तरी घेऊ द्या.’ सतरावा टेक ओके झाला. एडिटला बघतो तर काय, जड पापण्या, वाऱ्यावर केस, चेहऱ्यावर सात जन्मांचं दुःख. दुःख कसलं, धाप होती ती! निर्मात्यानं डोळे पुसले. शेवटचा हप्ता देताना मात्र पुसले नाहीत, कारण तो हप्ता अजून यायचाय.

यूट्यूबवर गाणं चढवून झालं की तुम्ही दिग्दर्शक. आता सिनेमाच्या निर्मात्यांकडे चकरा सुरू करा. ते गाणं मोबाईलवर, आवाज बंद करून, दुसऱ्याशी बोलत बघतील आणि म्हणतील, ‘छान आहे, पण सिनेमा वेगळा असतो.’ अशा वेळी दाखले हाताशी ठेवा. अलिशा चिनॉयच्या १९९५ मधल्या ‘मेड इन इंडिया’चा व्हिडिओ केन घोषनं केला आणि २००३ मध्ये त्याचा सिनेमाही आला. राधिका राव-विनय सप्रू ही जोडी रिमिक्सच्या गाण्यांवरून २००५ मध्ये थेट सलमान खानपर्यंत पोचली. प्रदीप सरकारांनी आधी जाहिराती केल्या, शुभा मुद्गलांचा ‘अब के सावन’ केला, आणि पहिला सिनेमा ‘परिणीता’ आला तेव्हा ते ५० वर्षांचे होते. तुम्ही २७ चे असाल तर अजून २३ वर्षं आहेत, घरभाड्याचं तेवढं बघा.

डेव्हिड फिंचरचंही नाव टाका, खोलीतले लोक जरा सरसावून बसतात. मॅडोनाची गाणी करून तो हॉलिवूडच्या सिनेमात गेला, १९९२ मधल्या पहिल्याच सिनेमात स्टुडिओनं इतकी लुडबुड केली की त्यानं तो सिनेमाच झटकून टाकला. मग पुन्हा गाणी, आणि १९९५ मध्ये ‘सेव्हन’. यातला अर्धा प्रवास तुम्हाला नक्की जमेल.

पैसा उभा राहत नसेल तर फाळके आठवा. त्यांनीही शोरील, म्हणजे कामाचा नमुना, दाखवली होती, कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची. ना भाचा ना गॉगल, नुसता कोंब वर येतोय, आणि त्याच्या जोरावर पैसे मिळाले! विम्याची पॉलिसी मात्र गहाण पडलीच, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात. तेव्हा कुठे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. हा इतिहास बायकोला सांगताना वाटाण्यापाशी थांबा.

सिनेमा झाला असं धरून चालू. अनुदानाचं, सेन्सॉरचं, सकाळी नऊच्या शोचं तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. परीक्षणात येईल, ‘दिसायला सुंदर, पण गाण्याच्या व्हिडिओसारखा.’ गाणं केलंत तेव्हा हेच लोक म्हणाले होते, त्यात गोष्ट कुठाय? वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला कुणी गोष्ट सांगायला शिकवलंच कधी? तुम्हाला शिकवलंय ते धापेचं दुःख करायला, आणि ते तुम्ही दोन तास दहा मिनिटं केलंत.

मग एक दिवस फोन येईल. प्लॉटिंगवाले साहेब. भाच्याचं लग्न ठरलंय, प्री-वेडिंग करायचंय, त्याच घाटावर, ‘ते हळूहळू चालतंय ना, तसंच.’ मागचा हप्ता यात धरून देणार आहेत. हो म्हणा. नवरी मुलीला दुप्पट वेगाची कल्पना आधीच द्या, आणि नागराला आजच फोन करून ठेवा. लगीनसराईत तो मिळत नाही.